पायाखालचा पत्रा

बाबा गेल्यापासून दारात गंजत पडलेली त्यांची जुनी गाडी मी घरीच दुरुस्त करायला काढली. पुढच्या सीटवर बसून आई जिथे पाय ठेवायची, तिथल्या पत्र्याचा हात लावताच भुगा होत होता. मधला एक गोल तुकडा मात्र जागचा हलेना. त्यावर पॉलिश पेपर घासला, तर खालून लखलखीत स्टील निघालं. त्यावर ठोकलेली अक्षरं होती: ‘चि. लंका हिस निफाडच्या मामाकडून.’

मी आईला हाक मारली. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ही माझ्या लग्नातली परात हाय. तुझ्या वेळेला मला सातवा चालू होता. म्हटलं, गाडीत पायाखाली रस्ता पळताना दिसतो, लय भ्या वाटतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी भोक बुजवलं."

"आणि परात?"

"चोरीला गेली म्हणाले. दाराला कडी लावली नाय म्हणून तीस वर्षं मी त्यांना बोलत आले."

मग वळून तिनं बाबांच्या बाजूची मॅट उचलली. खाली पोत्याची घडी होती, आणि पोत्याखाली सरळ अंगण.