जार पडेपर्यंत

वगार मेली तेव्हा बयनाबाईला सुटल्यासारखं वाटलं. पीडा गेली एकदाची! म्हशीचं ते कोवळं पिल्लू हगवणीनं पार चिपाड झालं होतं. तिनं त्यावर चुन्याची फक्की मारली, साबणानं खसाखसा हात धुतले आणि ओसरीवरच्या झोळीला झोका दिला. झोळीतला नातू कालपासून रडायचा थांबला होता. गुणी लेकरू, तिला वाटलं.

सगळा घात त्या पट्टीनं केला होता. जनावरांचे डॉक्टर अमरदीप बेल्याहून आले, वगारीची हगवण तपासणीच्या पट्टीवर टाकली आणि म्हणाले, "कोरोना आहे." पुढचं बयनाबाईच्या कानात शिरलंच नाही. याच रोगानं तिचा नवरा नेला होता. नागोरावाचं तोंडसुद्धा तिला कुणी बघू दिलं नव्हतं. आणि सून रूपाली तर दिवस भरलेले असताना त्या वगारीची घाण हातानं काढत होती. त्याच संध्याकाळी, दवाखान्याची गाडी यायच्या आत, ती घरातच बाळंत झाली. नाळ कापली तशी बयनाबाईनं लेकरू उचललं आणि सुनेच्या खोलीला बाहेरून कडी घातली. मुलगा गोपाल आईपुढं तोंड उघडेना.

"आत्याबाई, छाती फुटून राह्यली माही. एकडाव तरी द्या ना त्याले," रूपाली आतून विनवायची.

"नवऱ्यामागं नातूबी घालवू काय मी?" बयनाबाई म्हणायची आणि कापसाच्या बोळ्यानं बकरीचं दूध पाजायची. ते लेकराच्या पोटात ठरत नव्हतं. तिचा जीव तुटायचा, पण कडी काही निघाली नाही.

वगार मेली त्याच दुपारी, चौथ्या दिवशी, डॉक्टर पुन्हा आले. मेलेली वगार बघून चिडलेच.

"मावशी, हिला चीक पाजला होता का?"

"जार पडेपर्यंत कोनी पाजते काय? म्हैस जार धरून ठेवते मंग. दुसऱ्या दिवशी पडला, तवा चीक गल्लीत वाटला."

"वार पडायची वाट बघत बसलात, तिथंच मेली ही. हा कोरोना गोठ्यागोठ्यात असतो. जन्मल्या जन्मल्या ज्याच्या पोटात आईच्या पहिल्या दुधाचा चीक जातो, ते तगतं. हिला तुम्ही उपाशी ठेवलं."

"अन् माणसाले झाला म्हंजे?"

"हा जनावरांचा वेगळा. यानं माणूस मरत नाही. त्याच दिवशी सांगितलं होतं मी."

बयनाबाई ओसरीकडं धावली. झोळीतून लेकरू काढताना तिला त्याची मान सावरेना. तिनं कडी काढली. "घे वं माय, पाज, पाज त्याले लवकर!"

रूपालीनं ते हिसकावूनच घेतलं. भिजलेली चोळी सोडून त्याचं तोंड छातीशी धरलं. डॉक्टर दारातच थांबले. तिनं पुन्हा पुन्हा थान त्याच्या ओठांत दिलं.

"आत्याबाई," रूपाली म्हणाली, "हा वढतच नाही."