शेवटची गोधडी

देवेंद्र आपल्या मावशीच्या, गोदाबाईच्या, गोधड्या इंटरनेटवरच्या लिलावात विकायचा. राजेगावहून नवी गोधडी घेऊन ती बालाघाटला त्याच्या घरी आली, तेव्हा तो आंघोळीला गेला होता. त्याच्या बायकोने, श्रुतिकाने, हौसेने कॉम्प्युटर लावून दाखवला. पडद्यावर आधीची गोधडी होती आणि शेजारी गोदाबाईचा फोटो. "खाली काय लिवलं?" गोदाबाईने विचारलं. श्रुतिकाने अडखळत वाचलं, "या आजीची शेवटची गोधडी. मागच्या महिन्यात आजी वारली." देवेंद्र केस पुसत आला. "असं लिहिलं की बोली चढते, मावशी. सब लिखते हैं." "मी मेली, मंग सुतक पाळलं का तुनं?" तो हसला. तिने टेबलावर पाठवायला बांधून ठेवलेलं त्या आधीच्या गोधडीचं पार्सल टराटरा फाडलं आणि गोधडी काखोटीला मारली. "विकली गेली ती," देवेंद्र म्हणाला. "गिऱ्हाइकाले काय सांगू?" "सांग, मेलेली बाई आली अन् घेऊन गेली."