नव्या नळीतलं जुनं काडतूस

थेनची नात धर्मप्रचाराला ब्राझीलला गेली, त्या वर्षीचा एप्रिल. अमेरिकेतल्या आयडाहोत मेंढ्या विण्याचे दिवस.

थेननं कोट गुंडाळून ट्रकच्या बॉनेटवर ठेवला आणि त्यावर रायफल टेकवली. समोर सेजच्या झुडपांपलीकडं, चारशे यार्डांवर, लंगडा कायोटी दबून बसला होता. कोल्ह्याहून मोठा, तीन पायांचा, रोज एक कोकरू नेणारा. जवळच एक मेंढी नुकतीच व्याली होती. कोकरू अजून ओलं होतं, उभं राहायला धडपडत होतं.

"आज याला जेवायला मी वाढतो," थेन म्हणाला.

"बडबडू नको, मार," थोरला भाऊ एल्डन म्हणाला.

थेननं कानांत बोळे कोंबले.

रायफल एल्डनच्या हातची होती. काडतूसही त्याचंच. मोठ्या पितळी पुंगळीचं तोंड आवळून तिच्यात बारीक गोळी बसवायची. असलं काडतूस दुकानात मिळत नाही. गोळी सेकंदाला चार हजार फुटांच्या वर पळे. एल्डननं या काडतुसाला बायकोचं नाव दिलं होतं, वेर्ला. पण वेगाची किंमत नळी देते. जळती दारू नळीचा घसा, म्हणजे गोळी नळीत शिरते तो भाग, खात जाते.

"माझ्याच नावाचा घसा का रे जळतो?" वेर्ला विचारायची.

"फार जोरात बोलतो म्हणून," एल्डन म्हणायचा.

घसा जळाला की वेग उतरतो, आणि उतरलेला वेग थेनला सोसत नसे. गोळी जरा बाहेर काढून बसवायची, चिमूटभर दारू वाढवायची, असं करत त्यानं हंगामामागून हंगाम काढले. एल्डन सांगे, "जरा हळू मारलंस तर ही नळी नातवाला पुरेल." थेन म्हणे, "नातवानं आपली घ्यावी." शेवटी नळी पार गेली. मागच्या आठवड्यात एल्डननं नवी बसवली आणि तिच्या मापाची काडतुसं भरून हिरव्या डब्यात घालून दिली.

थेननं काडतूस आत सरकवलं, नळी मागून बंद करणारा बोल्ट पुढं लोटला. बोल्टाची दांडी खाली यायला अडली. त्यानं तळहाताचा ठोसा दिला. बसली.

एल्डननं डोळ्यांवरची दुर्बीण खाली केली. काल त्याच्या वर्कशॉपमध्ये नव्या काडतुसावर हीच दांडी करंगळीनं बसत होती. त्यानं ट्रकमध्ये पाहिलं. हिरवा डबा सीटवर होता. झाकणाची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

म्हणजे आतलं काडतूस जुनं. जळक्या घशासाठी भरलेलं, लांब, जास्त दारूचं. नव्या घशात गोळीचं नाक आत्ताच रुतलं असणार. दारू पेटली की तिला पुढं वाट नाही. ती मागं येणार. मागं बोल्ट, आणि बोल्टामागं थेनचा गाल.

"थेन!"

कानांत बोळे.

थेनचं बोट चापावर होतं. तो चाप एल्डननंच घासून इतका हलका केला होता, की फुंकर लागली तरी सुटावा. खांद्याला हात लावला तर हिसका बसणार. दांडी धरली तरी तेच. तिकडं कायोटी पोटावर सरपटत निघाला होता आणि मेंढी पाय आपटत होती. थेननं अर्धा श्वास सोडला आणि उरलेला धरला.

बापानं दोघांना एकाच रायफलवर शिकवलं होतं. निशाण दिसेनासं झालं की बोट चापाबाहेर. चुकलं की कानफटात. साठ वर्षांपूर्वीची ती चपराक थेनच्या बोटात अजून असली तर असली.

एल्डननं डोक्यावरची टोपी काढली. बाजूनं हात लांब केला आणि रायफलला धक्का न लावता तिच्यावरच्या दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर टोपी धरली.

थेन हलला नाही. बोट तिथंच होतं.

मग बोट सरळ झालं आणि चापाच्या कडीबाहेर आलं.

"गाढवा!" थेन बोळे उपटत ओरडला. "म्हातारचळ लागला काय तुला? ऐन नेमात आला होता!"

मेंढी ओरडली. दोघांनी वळून पाहिलं. झुडपांतून एक शेपूट दिसेनासं झालं. मेंढी तिथल्या तिथं गोल फिरत होती.

"नेलं बघ! तुझ्या टोपीपायी नेलं!"

"बोल्ट उघड."

"आता काय उघडायचं—"

"उघड. हळू. नळी तिकडंच राहू दे."

थेननं दांडी उचलली. ती जोर लावल्यावर उठली. बोल्ट मागं ओढला तशी पुंगळी एकटीच बाहेर आली, आणि तिच्या उघड्या तोंडातून दारूचे काळे दाणे भरभर बॉनेटवर सांडले. गोळी नळीतच रुतून राहिली होती.

वाऱ्यानं दाणे पत्र्यावरून घरंगळत नेले. थेन त्यांच्याकडं बघत राहिला.

"शर्टाच्या खिशात राहिली होती चार-दोन," तो म्हणाला. "म्हटलं, वाया कशाला घालवायची."

एल्डननं टोपी डोक्यावर घातली. पहिल्यांदा नीट बसली नाही, पुन्हा घातली.

"किती वेगानं गेली असती रे?" थेननं विचारलं.

"गोळी, की बोल्ट?"

थेननं उजव्या गालावरून हात फिरवला.

त्या सकाळी मेलं ते कोकरू. थेन गेला नऊ वर्षांनी, जानेवारीत, घरच्या खुर्चीत, चष्मा नाकावर.