डोक्यावरची दोरी

मिस्त्रीने लोखंडी पहार बंद मशीनच्या रुळावर आदळली, अगदी भाच्याच्या कानाशी. "अडकला! हात अडकला तुझा!"

ओढली की मशीन थांबवणाऱ्या, डोक्यावरच्या लाल दोरीकडे भाच्याचा हात गेला, पण जरा उशिरा. मिस्त्रीने त्याच्या कानाखाली आवाज काढला. दोन लेकरांचा बाप तो, गाल चोळत पुन्हा उभा राहिला.

"मारू नका मामा, घाबरून आणखीच चुकतं."

"आणि हे रूळ काय गोंजारणार आहेत तुला? तुझ्या आईला तुझे दोन्ही हात परत द्यायचेत मला."

रबर दाबणाऱ्या त्या दोन रुळांपुढे, मशीन बंद ठेवून, त्याने खात्यातल्या सगळ्यांना असंच उभं केलं. पहार आदळायची, शिवी हासडायची, हात दोरीवर गेला नाही तर थोबाडीत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पहार नुसती उचलली तरी हात वर जाऊ लागले.

प्रशिक्षण विभागाच्या बाई विचारायला आल्या, कुणाला काय शिकवायचं राहिलंय.

"काही नाही. झोपेतसुद्धा दोरी ओढतील."

"चालू मशीनवर पाहिलंत?"

"दर वेळी मशीन थांबवलं तर आतल्या रबराचा दगड होतो, बाई. मग माल काय तुम्ही काढणार?"

माणसं हसली. बाई हसल्या नाहीत.

दुपारी रूळ फिरत होते. रबराची घडी वाकडी शिरली. ती सरळ करायला मिस्त्रीने पंजा पुढे केला आणि हातमोजा आत ओढला गेला. मागोमाग बोटं. हाडं मोडल्याचा आवाज मशीनच्या घरघरीतही ऐकू आला.

"दोरी!"

भाच्याचा हात त्याआधीच वर पोचला होता. बाकीचेही धावून आले, दोरीला झोंबले. रूळ फिरतच राहिले. मनगट आत गेलं. काळ्या रबरावर रक्त पसरत चाललं. एकजण पलीकडच्या भिंतीवरच्या मुख्य बटणाकडे पळत सुटला.

"ओढ ना, हरामखोरा! दोरी ओढ!"

"ओढलीय मामा!" भाचा दोरीला लटकून रडत होता. "बघा ना, ओढलीय!"

मिस्त्रीने मान वर केली. दोरी ताठ ओढलेली होती. तिच्या टोकाचा खटका मात्र जागचा हलत नव्हता. त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे होते. जरासा धक्का लागला तरी मशीन थांबतं, म्हणून गेल्या महिन्यात त्यानेच ते पकडीने आवळले होते.