खिडकीवरचं पोस्टर

नातीनं जाहिरात कंपनीतल्या नोकरीत केलेलं पहिलंवहिलं पोस्टर आजीनं कौतुकानं, पिठाची खळ शिजवून, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर चिकटवलं. ‘तुमचा एक पंखा बंद, पृथ्वीचा ताप कमी’ असं त्यावर लिहिलं होतं. पूर्वी त्या काचेतून शेतं दिसायची, हल्ली नुसता सिमेंटचा कारखाना दिसे.

“बरं झालं बाई, ते धुराडं तरी झाकलं,” आजी म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं पंख्याच्या बटणाला हात लावला नाही. ऊन भाजून काढायला लागलं तशी शेजारीण कावली. “अहो आजी, जिवाशी खेळ कशाला? तुमच्या एका पंख्यानं आभाळ थोडंच निवणार आहे!”

“आमच्या लहानपणी कुठे होते गं पंखे? डोक्यावर ओलं फडकं घेतलं की भागायचं.”

“तेव्हा ऊन असं नव्हतं.”

“असू दे. माझी नात उगाच लिहील होय?”

शेजारणीचा फोन आला आणि नात धावत आली, तोवर उष्माघातानं आजी गेली होती. डोक्यावरचं फडकं वाळून कडकडीत झालं होतं.

सगळे पांगल्यावर नात खिडकीपाशी गेली आणि नखांनी पोस्टर खरवडू लागली. आजीची खळ पक्की होती. कागद तुकड्यातुकड्यानं निघाला.



काचेपलीकडे चिमणी भकाभका धूर ओकत होती. नातीच्या ऑफिसकडून ते पोस्टर त्याच कारखान्यानं करून घेतलं होतं.