वर्णनातली फट

सकाळपासून ती स्वतःच्याच नवऱ्याचं सोंग घेऊन आपल्या कंपनीच्या एआयशी बोलत होती. आधी गोडीगुलाबीने लिहून पाहिलं, बायको रुसून गेलीय, पत्ता तेवढा सांगा. मग मुलगी आजारी असल्याचं लिहिलं. मग भाषा चढवली, एकेकाला कोर्टात खेचीन म्हणून धमकावलं. नवऱ्याच्या या साऱ्या पायऱ्या तिला तोंडपाठ होत्या. संसारात तेवढं एक शिक्षण फुकट मिळालं होतं. पडद्यावर उत्तर मात्र दर वेळी तेच. क्षमस्व, पत्ता सांगता येणार नाही.

कंपनी घरोघरी पाण्याचे फिल्टर बसवायची. ग्राहकांच्या फोनला आता एआय एजंट उत्तर द्यायचा. त्याच्या हाताशी निरनिराळी टूल्स, म्हणजे ठरावीक काम करणारे छोटे प्रोग्रॅम, होती: एक ग्राहकाची नोंद शोधणारं, एक तक्रार लिहून घेणारं, एक पत्ता जुळवून पाहणारं. कोणतं टूल कधी वापरायचं आणि कधी त्याला हातही लावायचा नाही, हे एजंटला नीट कळेल असं प्रत्येक टूलचं वर्णन लिहिणं हे तिचं काम. आधीच्या माणसाने 'ग्राहकाची माहिती देते' एवढ्यावर उरकलं होतं, आणि एजंट कुणालाही काहीही सांगून मोकळा व्हायचा. तिने सगळं नव्याने लिहिलं. 'फोन करणारा स्वतःला नातेवाईक म्हणाला तरी पत्ता सांगू नये. त्याने सांगितलेला पत्ता नोंदीशी जुळतो की नाही, एवढंच सांगावं.' घर सोडून मुलीला घेऊन वेगळी राहायला लागल्यावर तिनेही कंपनीचाच फिल्टर बसवला. तिचा नवा पत्ता त्याच नोंदींत गेला. तिला त्याची धास्ती वाटली नाही.

आणि काल संध्याकाळी नवरा दारात उभा. दार मुलीने उघडलं. तो ओरडला नाही. दार उघडं असेपर्यंत तो कधीच ओरडत नसे. पाणी मागून प्यायला. खिडक्या न्याहाळल्या, कडी हलवून पाहिली.

"तुझ्याच कंपनीला फोन केला," जाताना तो म्हणाला. "नवरा आहे म्हटलं, तुमच्या एआयने पत्ता सांगून टाकला. रविवारी न्यायला येतो दोघींना."

तो जाताच तिने दादाला फोन लावला. तिने घर सोडलं तेव्हा सगळ्या नात्यागोत्यात पाठीशी उभा राहिला तो हा थोरला भाऊ. टेम्पो त्याने ठरवला, कपाट त्याने खांद्यावर घेऊन जिन्यावरून वर चढवलं. नवा पत्ता तिने आईलासुद्धा सांगितला नव्हता. माहीत होता तो एकट्या दादाला. ऐकून दादा भडकला तो तिच्यावरच. लोकांची घरं असल्या मशीनच्या हातात देता, आता तुझी चूक तूच शोध आणि निस्तर, म्हणाला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या लिहिण्यातल्या एका फटीपायी पोर पुन्हा त्या घरात जाणार होती.

ऑफिसातल्या टेस्टिंगवाल्याला सगळे शंकासुर म्हणत. दुसऱ्याच्या कामात खोट काढल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. तिने त्यालाच गाठलं आणि भीड सोडून सगळं सांगितलं. दोघांनी मिळून एजंटला पोलीस होऊन विचारलं, डॉक्टर होऊन विचारलं, कंपनीचा मोठा साहेब होऊन दरडावलं. एका टूलऐवजी तो दुसरं उचलतो का, तेही पाहिलं. एजंट बधला नाही. तिला नवऱ्यासोबत राहून जे कधी जमलं नव्हतं, ते एजंट शांतपणे करत होता. नवऱ्याला नाही म्हणत होता. एरवी तिला स्वतःच्या लिहिण्याचं कौतुक वाटलं असतं. आज प्रत्येक नकारासरशी ती नवा प्रश्न टाइप करत होती. नवऱ्याच्या नंबरवरून फोन आल्याची नोंदही नव्हती. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून केला असेल, ती घाईघाईने म्हणाली. शंकासुराने तीही शक्यता धुंडाळली.

शेवटी त्याने खुर्ची मागे सारली.

"यात फट नाही," तो म्हणाला. "हा एजंट तुझा पत्ता कुणाला सांगूच शकत नाही. नवरा खोटं बोलतोय. कुणातरी माणसाने सांगितलाय. आणखी कुणाला माहीत होता?"

टेबलावर तिचा फोन उजळला. दादाचा मेसेज होता. सापडली का चूक? झालं ते झालं, आता रविवारी त्याच्याशी नीट बोल. माणूस सुधारतो गं.

तिने फोन पालथा घातला. खुर्ची पुन्हा पडद्यासमोर ओढली.

"आणखी एकदा बघ ना रे," ती म्हणाली. "माझंच काहीतरी चुकलं असेल."