वळणावरची कवटी

कवटीला दात किती काढायचे यावरून पेंटर आणि त्याची बायको यांच्यात जुंपली होती.

"अहो, माणसाला बत्तीस असतात. तुम्ही मगरीचे काढलेत," बायको म्हणाली.

"अगं, हिने पोरांना घाबरवायचंय. जेवायला नाही बसायचंय."

पाटीचा पत्रा दारातून मावत नव्हता, म्हणून अंगणातच भिंतीला टेकवला होता. वर लाल अक्षरांत 'मृत्यूचे वळण', खाली कवटी. पेंटरने ती जीव ओतून काढली होती. दर रविवारी घाटात मोटरसायकली आडव्या करून, गुडघे रस्त्याला घासत जाणाऱ्या टोळक्यात घरचे चिरंजीवही होते. तोंडाने सांगून झालं होतं. आईने जेवण सोडून पाहिलं, तर चिरंजीव तिच्या वाटणीचंही जेवले. राहता राहिला ब्रश.

घाटात तशी वळणं पुष्कळ, पण पडापडी या एकाच वळणावर. तिथून दरी फार खोल दिसते म्हणून सुरुवातीला पेंटरने 'सावकाश जा' अशी छोटी पाटी लावली होती. त्याच महिन्यात एक जण पडला. रस्ते खात्याचे साहेब म्हणाले, अक्षर लहान पडलं. पेंटरने अक्षर मोठं केलं. दोघे पडले. मग लाल रंग आला. मग पिवळ्या पट्ट्या आल्या. मग वळण पेपरात आलं. बाकीच्या वळणांवर पाट्या नव्हत्या, पण तिथे कुणी पडतही नव्हतं. त्यामुळे तिथे पाटीची गरज नाही, असं साहेबांचं मत होतं. पेंटरलाही ते पटलं.

कवटी उभी राहिली ती वळणात शिरणाऱ्याच्या अगदी नाकासमोर, कठड्याला लागून. रविवारी दुपारी फोन आला.

कठडा होता म्हणून चिरंजीव दरीऐवजी दवाखान्यात पोचले होते. एक पाय वर टांगलेला, खांदा बांधलेला, तोंड शाबूत. आई उशाशी बसून डोळे पुसत होती. पेंटर वॉर्डच्या दारातूनच सुरू झाला.

"एवढी मोठी कवटी लावली! डोळे कुठे होते तुझे?"

"कवटीवर," चिरंजीव म्हणाले.

पेंटर थांबला.

"आई म्हणाली होती, बत्तीसच काढलेत का बघ. मोजत होतो. सव्वीसपर्यंत आलो होतो."

आईने डोळे पुसणं थांबवलं आणि पदराकडे बघत बसली.

"आणि हात काय करत होते? गाडी वळवायची ना!"

"बाबा, त्या वेगात गाडी हाताने वळत नाही, नजरेने वळते. वळणाच्या पलीकडे बघितलं की पलीकडे जाते. भलतीकडे बघितलं की भलतीकडे."

"मग वेग कमी करायचा!"

चिरंजीवांनी टांगलेल्या पायाकडे बघितलं.

शेजारच्या खाटेवर हनुवटीपर्यंत प्लास्टर घातलेला एक जण होता. तो म्हणाला, "काका, माझ्या वेळी कवटी नव्हती. नुसती लाल अक्षरं. पण काय अक्षर होतं हो! 'सावकाश'मधला 'श' बघतच राहिलो."

"आम्ही पिवळ्या पट्ट्यांच्या वेळचे," कोपऱ्यातून आणखी कुणीतरी म्हणालं.

पेंटरचा जन्म पाट्या रंगवण्यात गेला होता. आजवर कुणी कामाची तारीफ केली नव्हती. आज अख्खा वॉर्ड करत होता, आणि त्याला टेकायला स्टूल सापडत नव्हतं.

साहेबांनी निरोप धाडला, कवटी लहान पडली, आता तिच्या डोळ्यांत लुकलुकणारे दिवे बसवू. पेंटर 'बरं' म्हणाला. शिडी आणि डबे घेऊन घाटात गेला. पाटी उतरवायला साहेबांची परवानगी लागली असती. रंगवायला लागत नव्हती. कवटीवर त्याने पाटीमागचा डोंगर काढला. मागे झुडूप होतं तिथे झुडूप, खडक होता तिथे खडक, वर तेवढंच आभाळ. दिवस कलला तेव्हा पाटी जागच्या जागी होती आणि दिसत नव्हती. नंतर साहेब येऊन तिच्यासमोर उभे राहिले आणि पाटी चोरीला गेली म्हणाले. पण मध्यंतरी कुणी पडलं नव्हतं, म्हणून नवीन मागवली नाही.

चिरंजीवांचा पाय सावकाश जुळला. आईने गाडीची किल्ली विहिरीत टाकली. चिरंजीवांकडे दुसरी होती.

ते पुन्हा घाटात निघाले त्या सकाळी पेंटर आधीच जाऊन वळणावर पाटीपाशी उभा राहिला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. घरी बसवत नव्हतं, एवढंच. खालून आवाज आला. हजार गाड्यांतून ओळखला असता असा. पेंटरचा हात आपोआप वर गेला, 'सावकाश रे' ओठांवर आलं, आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की आपण नेमके कुठे उभे आहोत.

शब्द गिळून तो झटकन पाटीमागे उकिडवा बसला आणि फटीतून बघू लागला.

चिरंजीव आले. पूर्वीपेक्षा हळू, बापाच्या मानाने अजूनही जोरात. मान वळलेली, नजर वळणाच्या पार पलीकडे. बापाकडे ढुंकूनही न बघता ते निघून गेले, आणि बापाचा जीव भांड्यात पडला.